ग्यांबिबीची पाटी

आमच्या गावात माकड मेलं की त्याला माणसासारखं पुरतात. पांढऱ्या कापडात गुंडाळून, लहानशा खोक्यात ठेवून, देवाच्या पुजाऱ्यांच्या कबरींशेजारी. चाळीस वर्षं ते खड्डे ग्यांबिबी नावाच्या गड्याने खणले. लांबलांबचे पाहुणे ही जागा बघायला येतात. त्यांच्या तिकिटांवरच गावचा दवाखाना उभा राहिला. पण ग्यांबिबी त्यांना सरळ सुनावायचा, "आधी टोप्या काढा. आजीच्या मयताला टोपी घालून जाता का?"

कबरींवरच्या पाट्या मी रंगवते. शाळेत नन्सनी माझं अक्षर छडी घेऊन घोटवलं होतं, ते असं कामी आलं. नर की मादी आणि तारीख, एवढंच लिहायचं.

गेल्या वर्षी चौदा मार्चला ग्यांबिबी कोरी पाटी घेऊन आला.

"मॅडम, लिहा."

"नर की मादी?"

"मुलगा."

मी चष्मा काढला. त्याचा एकुलता एक मुलगा, आनाने नावाचा, सात वर्षांपूर्वी वाळवंट ओलांडून लिबियाला गेला होता. 'उद्या समुद्रापलीकडे जाणारी होडी सुटतेय,' एवढा एक फोन आला. नंतर काहीच नाही.

"माकडांना माती देतो मी," ग्यांबिबी म्हणाला. "माझ्या पोराला कुणी दिली? त्यांच्याजवळच एक खड्डा खणतो. रिकामा का होईना."

नाव लिहून होतंय तोच त्याची बायको अफ्रिये तरातरा आली.

"माझं लेकरू माकड आहे होय? पाहुणे फोटो काढतील त्याचे? आणि उद्या तो दारात उभा राहिला तर काय दाखवशील, म्हाताऱ्या? त्याची कबर?"

ग्यांबिबी ओली पाटी छातीशी धरून घरी गेला. सदऱ्यावर रंगाचा डाग पडला, तो कधी गेला नाही.

जूनमध्ये त्याने एका पिल्लासाठी खड्डा खणला. पुरुषभर लांब.

"इतका मोठा कशाला?" मी विचारलं.

"हात चुकला," म्हणाला, आणि पुन्हा माती लोटू लागला.

या सोमवारी ग्यांबिबी गेला. शवपेटीला झाकण लावायच्या आधी अफ्रियेने खाटेखालून ती पाटी काढून आणली. नावापुढची जागा कोरीच होती.

"तारीख घालू?" मी हळूच विचारलं.

"नको, मॅडम." तिने पाटी त्याच्या हाताखाली सरकवली. "ह्याच्यापाशी असू दे. पोरगा आलाच, तर मी आहे घरी."