बाळूची गेम चालते का?

सलीमभाईच्या मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. एक स्क्रू आणि दुसरे किस्से. स्क्रू संध्याकाळी झाडूनं निघतात. किस्से काही निघत नाहीत. उलट एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो आणि तोवर चहाची वाफ गेलेली असते!

तर आधी माणसं सांगतो. सलीमभाई पन्नाशीला टेकलेला, दुकानाचा मालक आणि बीडातला सगळ्यात चिडका कारागीर. दत्ता पालीचा, खत-बियाण्याचं दुकान चालवतो आणि आमचा कॅमेरा सांभाळतो, म्हणजे स्वतःचा मोबाईल आडवा धरतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात. चौथा बाळू. तेलगावचा. त्याचं सांगतोच.

आम्ही काय करतो? हातात धरून खेळायचं जुनं गेम-मशीन असतं ना, त्याच्यासाठी परदेशातले काही हौशी लोक एक रिकामी कॅसेट बनवतात. तिच्या पोटात मेमरी कार्ड सरकवायचं, कार्डात हवी ती गेम टाकायची. मशीनला वाटतं, खरीच कॅसेट लावली. तिला म्हणतात फ्लॅश कार्ड. आणि कुण्या कंपनीनं नाही, तर तुमच्या-माझ्यासारख्यानं घरी बसून बनवलेली जी गेम त्यावर चालते, ती होमब्रू. या फ्लॅश कार्डांचे आम्ही मराठीतून रिव्ह्यू करतो. कशाला करता, असं तिघांच्याही घरी विचारून झालंय. दत्ताची बायको तर आता विचारतही नाही, नुसती बघते!

*

पहिलं फ्लॅश कार्ड आलं तेव्हाची गोष्ट. पार्सलवर परदेशी तिकिटं, चिकटपट्टीचे चार थर. गल्लीत बातमी पसरली की सलीमभाईला बाहेरच्या मुलकातून काहीतरी आलंय. समोरचे केळीवाले युसूफचाचा गाडा तसाच सोडून आले. शेजारचा टेलर गळ्यात टेप घालून आला. दत्तानं मोबाईल आडवा धरला. सलीमभाईनं एकेक थर असा काढला, जसा काही आत नवरदेवाचा फेटा आहे.

शेवटी निघाली बोटभर कॅसेट.

"ह्यात काय हाय?" युसूफचाचांनी विचारलं.

"काईच न्हाई," सलीमभाई अभिमानानं म्हणाला. "पूरी खाली हाय. आपन भरायचं."

चाचांनी कॅसेट हातात घेतली, उलटी करून पाहिली, परत दिली आणि टेलरला म्हणाले, "चल बाबा. इतक्या लांबून डबा आला, आन भाजी आपनच टाकायची!"

तो व्हिडिओ आमचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ आहे. त्यात फ्लॅश कार्ड जेमतेम दिसतं. चाचा मात्र पूर्ण दिसतात.

*

रिव्ह्यू म्हटलं की मार्क द्यावे लागतात. मी दहापैकी मार्कांचा तक्ता करून नेला होता. आवाजाला इतके, वेगाला इतके, बटनांना इतके. सलीमभाईनं तो तक्ता घेतला आणि त्यावर डाग देताना लावायच्या फ्लक्सची डबी ठेवली.

"आपल्या दुकानात तीनच नंबर," तो म्हणाला. "पैला नंबर, घरी न्यायचं. दुसरा, दुकानात वापरायचं. तिसरा, गिऱ्हाइकाला द्यायचं."

"आन त्याच्याहून भिकार असलं तर?" दत्तानं विचारलं.

"तर साडूला द्यायचं!"

हेही रेकॉर्ड झालं. साडूंनीही पाहिलं. दोन महिने सलीमभाईला सासरवाडीचं बोलावणं नव्हतं. तो म्हणतो, रिव्ह्यूचा झालेला एवढा एकच फायदा.

*

आता बाळू. एका कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचा. तिशीचा, सडपातळ, बोलायचा इतकं कमी की दत्ता म्हणायचा, "ह्याला म्यूट करून ठिवलंय बे कुनीतरी." आम्ही दुसऱ्यांच्या गेम लावून बघायचो. बाळूनं एक दिवस स्वतःची लावली.

स्क्रीनवर एक घर. पत्र्याचं. दारात लिंबाचं झाड. दाराच्या उंबऱ्यावर दप्तर घेतलेलं पोरगं उभं. उजवं बटन दाबलं की ते निघायचं आणि घंटा व्हायच्या आत शाळेत पोचायचं. वाटेत चिखल, वाटेत उसाची ट्रॉली, आणि वाटेत एक कुत्रं, जे काही केल्या पुढं जाऊ देत नव्हतं.

दत्ता चारदा हरला. "बे बाळू, ह्या कुत्र्याला मारायचं बटन कोन्तं?"

"मारायचं न्हाई. हाक मारायची. खालचं बटन."

दत्तानं खालचं बटन दाबलं. पोराच्या डोक्यावर अक्षरं उमटली, 'मोती!' आणि कुत्रं शेपूट हलवत बाजूला झालं.

"म्हंजे वळखीचं हाय?"

"आमचंच हाय," बाळू म्हणाला. "मी शाळंला निघालो की आडवं पडायचं."

पुढं गेलं की हिरवं रान लागायचं आणि मग काहीच नव्हतं. पोरगं हिरव्यात चालत राहायचं. सलीमभाई म्हणाला, "शाळा कुठाय?" बाळू म्हणाला, "शाळा काढायची राहिलीय. येत्या रविवारी काढतो."

तो रविवार उजाडलाच नाही. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि बाळू गेला. मी हे विनोदी ढंगात सांगायचा प्रयत्न पुष्कळदा करून पाहिलाय. जमत नाही.

*

त्यानंतर आमच्याकडं एक रीत पडली. कुणी ठरवली नाही. नवं फ्लॅश कार्ड आलं की त्यात आधी बाळूचं मेमरी कार्ड सरकवायचं, बाळूची गेम लावायची, खालचं बटन दाबायचं. मोती बाजूला झाला, तर कार्ड पास. नाही झाला, तर साडूला!

एकदा बाहेरच्या देशातल्या कुणा भल्या माणसानं व्हिडिओखाली इंग्रजीत विचारलं, की तुम्ही दर वेळी ही जी गेम दाखवता ती कुठं मिळेल, आणि तिचा शेवट काय आहे?

तिघं मोबाईलभोवती बसलो. उत्तर कोण लिहिणार? कॉलेजच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं मी लिहितो, पण मला एक वाक्य सुचेना. शेवटी दत्तानं मोबाईल ओढून घेतला आणि दहावी नापास इंग्रजीत टाईप केलं, 'अवर फ्रेंड हाऊस. स्कूल नॉट रेडी.'

त्या माणसानं उलट लिहिलं की तो वाट बघेल. आम्ही तरी दुसरं काय करत होतो?

*

सलीमभाईच्या काउंटरवर खडूनं लिहिलंय, 'मेमरी कार्ड फॉरमॅट करूनच वापरले जाईल.' लोक कशीकशी कार्डं आणतात, त्यात व्हायरस असतात, म्हणून हा नियम. पंधरा-वीस वर्षांत त्याच्या हाताला इतकी सवय झालीय की कार्ड हातात आलं की आधी पुसायचं, मग गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं.

या उन्हाळ्यात नवीन फ्लॅश कार्ड आलं. लाल रंगाचं, देखणं. दत्तानं मोबाईल आडवा धरला. मी डबीतून बाळूचं मेमरी कार्ड काढून सलीमभाईच्या हातावर ठेवलं. तेवढ्यात एक बाई चार्जर बदलून मागायला आल्या. चार्जर आमच्या दुकानाचा नव्हताच. सलीमभाई त्यांच्याशी भांडत होता, आणि भांडता भांडता त्याच्या हातानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, फॉरमॅट दाबलं, हो का म्हणून विचारल्यावर हो दाबलं.

बाई गेल्या. सलीमभाईनं कार्ड फ्लॅश कार्डात सरकवलं, मशीन चालू केलं. स्क्रीन कोरी.

"कार्ड खराब हाय," तो म्हणाला. मग त्यानं कॉम्प्युटरकडं पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. आमच्याही.

"कॉपी असंल की," दत्ता माझ्याकडं बघत म्हणाला. मला वाटायचं सलीमभाईकडं आहे. सलीमभाईला वाटायचं माझ्याकडं आहे. दत्ताला वाटायचं असल्या गोष्टी शिकलेली माणसं बघतात. अशी आम्ही तीन शहाणी माणसं!

पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर लावलं. दुपारभर चाललं. कुणाच्या तरी बारशाचे फोटो परत आले. एक बोकड विकायचा व्हिडिओ परत आला. बोकड चांगला होता. बाळूची गेम आली नाही.

सलीमभाईनं भर बाजाराच्या दिवशी शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसून राहिला. गिऱ्हाइक वाकून आत डोकावायचं, तो हातानंच जा म्हणायचा. "एकदा तापानं नेला," तो म्हणाला. "दुसऱ्या बारीला मी. ह्या हातानं."

मी या माणसाला तोवर चिडलेलं सोडून दुसऱ्या कशा अवस्थेत पाहिलं नव्हतं.

*

आता एकच जागा उरली होती. बाळूचा लॅपटॉप. तो असलाच तर तेलगावला, त्याच्या आईकडं. पण मागायचा कुठल्या तोंडानं? तुमच्या पोराची शेवटची वस्तू आमच्याकडं होती आणि ती आम्ही पुसून टाकली, हे सांगणार कोण?

दत्ताच्या जीपमधून निघालो. वाटेत तालीम चालली. दत्ता म्हणाला, "आधी चा घ्यायचा, मग पानी-पावसाचं बोलायचं, मग हळूच." मी म्हणालो, मी बोलतो. नवं लाल फ्लॅश कार्ड आणि मशीन सलीमभाईनं रुमालात बांधून मांडीवर धरलं होतं.

घर पाहिलं आणि आम्ही तिघंही दारातच थबकलो. पत्र्याचं. दारात लिंब. आम्ही इथं कधीच आलो नव्हतो, तरी उंबरा केवढा उंच आहे हे आम्हाला माहीत होतं.

मावशी, म्हणजे बाळूच्या आई, बाहेर आल्या. वडील रानात गेले होते. आम्ही बाळूचे दोस्त म्हटल्यावर त्यांनी आधी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. सलीमभाईनं पहिला घास तोंडाजवळ नेला, खाली ठेवला आणि तालीम-बिलीम सोडून एकदम बोलला, "मावशी, आमच्या हातून लई वाईट झालं. बाळूनं बनवलेलं जे व्हतं, ते माझ्याच्यानं पुसलं गेलं. त्याचं मशीन हाय का वो?"

मावशींना पुसलं गेलं म्हणजे काय ते कळलं नसावं. त्यांना सलीमभाईचं तोंड कळलं. "जेवा आधी," त्या म्हणाल्या. "मशीन हाय की. कुठं जातंय?"

पेटीतून त्यांनी लॅपटॉप काढला. टॉवेलात गुंडाळलेला. सलीमभाईनं सवयीनं चार्जिंग पाहिलं. भरलेलं!

"मावशी, हे कोन चालवतं?"

"कुनीबी न्हाई. मला कुठं येतंय?"

"मग चार्जिंग कसं काय?"

"दर बाजाराच्या दिवशी लावती," मावशी म्हणाल्या. "त्याचं मशीन हाय, उपाशी कावून ठिवायचं?"

दत्ता पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेला. तांब्या आतच होता.

*

पासवर्ड नव्हता. बाळूनं कधी कशाला कुलूप लावलं नव्हतं. फाईल समोरच सापडली. मी तिच्या दोन कॉप्या तिथंच केल्या, एक माझ्या मोबाईलमध्ये, एक दत्ताच्या. सलीमभाईनं तिसरी मेमरी कार्डात घातली, कार्ड लाल कॅसेटमध्ये, कॅसेट मशीनमध्ये. कॅसेट तिसऱ्या खेपेला खाचेत बसली. याच हातानं तो केसाएवढी तार डाग देऊन जोडतो.

मशीन चालू केलं. घर आलं. लिंब आला. उंबऱ्यावर दप्तर घेतलेलं पोरगं आलं.

सलीमभाईनं दोन्ही डोळ्यांवरून बाही फिरवली आणि मशीन मावशींच्या हातात दिलं. त्यांनी ते ताटासारखं दोन्ही तळव्यांवर धरलं, उजेडाकडं वळवलं.

"ह्यो आमचा लिंब," त्या म्हणाल्या. मग मशीन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "दप्तराचा बंद तुटकाच काढलाय मेल्यानं."

दत्तानं मोबाईल आडवा धरला होता, तो खाली घेतला. सलीमभाई त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि समजावून सांगायला लागला, अगदी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही इतकं हळू. हे उजवं बटन. ह्यावर अंगठा ठेवायचा. हे दाबलं की पोरगं शाळेला निघतं. वाटेत कुत्रं येतं, त्याला हाक मारायची, ते मी मग दाखवतो.

मावशींनी अंगठा बटनावर नेला. आम्ही वाट पाहिली. अंगठा तिथंच. स्क्रीनवर पोरगं दारात उभं. मशीनवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला.

"दाबा की मावशी," सलीमभाई म्हणाला. "काई हुत न्हाई."

मावशींनी अंगठा उचलून घेतला.

"दाबलं की जातोय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग कावून दाबू?"