मास्तरांच्या गाडीचं दार

आमच्या आत्याबद्दल बोललं जातं की रविवारी शर्यतीत ती मुद्दाम गाड्या ठोकते, म्हणजे सोमवारी तिच्या डेंटिंगच्या गॅरेजात गिऱ्हाईक येतं. हे साफ खोटं आहे. ठोकते ती खरीच. पण स्वतः पाडलेला पोचा ती फुकट काढते, आणि गाडीवाल्याला समोर बसवून, हातोडी चालवता चालवता, "वळणावर आरशात बघायला काय होतं रे तुला?" असं तासभर ऐकवते. त्यापेक्षा लोक पैसे द्यायला तयार असतात.

यंदाचा चषक शेवटच्या शर्यतीवर आला. आत्याला तो कधीच मिळालेला नाही. समोर ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर होते. आठवडाभर "सावकाश बाळा, सावकाश" म्हणणारा हा माणूस मातीच्या ट्रॅकवर मागून धडका देतो.

"आज तू मास्तरांना उडवणार," मी म्हटलं.

"नाही उडवणार. लाव पैज. हरलास तर जिथंतिथं माझी नक्कल करत फिरतोस ते महिनाभर बंद."

मास्तरांनी तिला दोनदा ठोकलं. शेवटच्या वळणावर त्यांचीच गाडी घसरून तिच्यासमोर आडवी झाली. जरासा धक्का दिला असता तर चषक आत्याचा होता. तिने करकचून ब्रेक मारला. मास्तर सावरले आणि जिंकले.

"अगं, का?"

"गेल्या रविवारी मीच चेपलेलं दार ते. दोन दिवस घालवून सरळ केलंय. परत कोण ठोकत बसणार?"

मग हेल्मेट काढायला तिने बराच वेळ लावला.

पैज मी हरलो. महिनाभर नक्कल बंद. तोंडी. लेखीचं काही ठरलं नव्हतं.