पाच थर आणि खोबरेल

"पाच थर," हेडसर म्हणाले. "चार काय, कोणीही करतं."

कोणीही म्हणजे बेलापूरकडची एक शाळा. त्यांनी गेल्या पंधरा ऑगस्टला चार थरांचा मनोरा केला होता आणि हेडसर तो स्वतः बघून आले होते. मी नेरूळच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. आमचं सगळंच नवंकोरं होतं. इमारत, बाकं, हेडसरांची हौससुद्धा. मैदान तेवढं खाडीत मुरूम टाकून केलेलं. त्यावर पडलं की गुडघ्याचा कीस निघायचा.

मनोरा म्हणजे सोपं गणित. पाच मुलं घोडा होतात. त्यांच्या पाठीवर गुडघे टेकून चार, मग तीन, मग दोन, आणि सगळ्यात वर एक जण उभा राहून सॅल्यूट ठोकतो. पंधरा मुलं. वरच्याचं डोकं जमिनीपासून दहा-अकरा फुटांवर.

तो वरचा म्हणजे आठवीतला विजू. काडीपैलवान. भीती हा शब्द त्याच्या पुस्तकातच नव्हता. त्याच्या आईने मला बाजारात गाठलं. "बाई, एकच हाय मला. नेला तसा आणून द्या," म्हणाली आणि मेथीची जुडी घेऊन निघून गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

"सर, मॅट लागतील," मी हेडसरांना सांगितलं.

"ग्रँट आली की घेऊ."

"कधी येणार?"

"मार्चमध्ये."

"आणि मनोरा ऑगस्टमध्ये."

"बाई, प्रॅक्टिस नीट घेतलीत तर पडतील कशाला?"

पडतील कशाला हा प्रश्न शारीरिक शिक्षणात कोणी विचारत नाही. पडणारच. कसं पडायचं, एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून मी पहिला आठवडा मनोऱ्याला हातच लावला नाही. फक्त पडणं शिकवलं. हनुवटी छातीला, कोपरं आत, हात टेकवायचे नाहीत, गोल फिरायचं आणि लगेच उठून दोन्ही हात वर करायचे. हात वर केले की मला लांबूनही कळतं, पोरगा शाबूत आहे. एखाद्याचा हात वर आला नाही की मी पळत सुटायचं.

मुलांना हे इतकं आवडलं की ती कुठेही पडायला लागली. व्हरांड्यात, प्रार्थनेच्या रांगेत, पाण्याच्या टाकीपाशी. गणिताचे सर स्टाफरूममध्ये माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "बाई, तुमची नववी ब दर पाच मिनिटांनी बाकावरून पडते. आणि वर हात करून उठते. मी प्रमेय कसं शिकवू?"

मॅट नाही तर पेंढा, असं मी ठरवलं. जुन्या नेरूळ गावात आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा होते. जमीन नव्या शहरासाठी गेली होती, पण म्हशी होत्या आणि पेंढ्याची उडवी होती. मी गेले.

"पेंढा कनाला गो बाय? म्हशी हायेत तुज्या?"

"नाही हो बाबा. मुलं मनोऱ्यावरून पडतील, त्यांच्याखाली घालायला."

म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. "पोरा परनार ह्ये तुला ठाव हाय. मंग त्यांना चरवतेस कनाला?"

पडणार हे ठाऊक असून चढवायचं कशाला, हे माझ्या बी.पी.एड.मध्ये शिकवलं नव्हतं. त्यांनी हसत हसत गाडीभर पेंढा दिला.

तो मैदानात पसरलेला बघून हेडसरांचा चेहरा पडला. "झेंड्याच्या दिवशी पेंढा? पाहुणे विचारतील, ही शाळा आहे की गोठा?"

"मग काढते, सर. फक्त काढायला तुम्ही सांगितलंत, असं लेखी द्या."

लेखी हा शब्द ऐकला की हेडसरांना तातडीचं काम आठवायचं. दुपारी शिपाई नाटकाचे हिरवे पडदे घेऊन आला. पेंढ्यावर अंथरा, म्हणजे हिरवळ दिसेल, असा निरोप होता.

मनोरा जमला. शर्ट घालून, चार दणकट दहावीवाले चारी बाजूंना झेलायला उभे करून, पाच थर तीनदा उभे राहिले. मग हेडसरांनी प्रार्थनेत जाहीर केलं की वाशीहून फोटोग्राफर येणार, रंगीत फोटो निघणार. माझं लक्ष तेव्हा मुलींच्या लेझीमकडे होतं. नसायला हवं होतं.

पंधरा ऑगस्टला माइकवर मनोऱ्याचं नाव पुकारलं गेलं आणि माझी पोरं मैदानात धावत आली. शर्ट नाहीत. उघडी अंगं. नुकत्याच तळलेल्या पुऱ्यांसारखी चकाकत होती. खोबरेलाचा वास पहिल्या रांगेपर्यंत आला. मी तिथेच थांबवायला हवं होतं. पण पाहुणे टाळ्या वाजवत होते, हेडसर माझ्याकडे बघून मान हलवत होते, आणि मी शिट्टी वाजवली. चूक माझी. आजही माझीच.

पाच, चार, तीन, दोन. विजू सरसर वर गेला, उभा राहिला, सॅल्यूट ठोकला. फोटोग्राफर म्हणाला, "रेडी." त्याच क्षणी दुसऱ्या थरातला एक गुडघा तेलावरून सटकला. मग दुसरा. मनोरा कोसळला नाही, तो ओघळला. थराखाली थर पसरत गेला आणि विजू वरून सॅल्यूटसकट खाली यायला लागला. माझ्या तोंडातली शिट्टी वाजेचना.

पंधराच्या पंधरा पोरं हिरव्या पडद्यावर गडगडली. हनुवट्या छातीला, कोपरं आत. मी हात मोजत होते. पाच, नऊ, बारा, चौदा. विजूचा दिसेना. मग पडद्याच्या घडीतून एक काडीसारखा हात वर आला, आणि मागोमाग विजू, डोक्यात पेंढा, खिदळत. मला रडू आणि हसू एकदमच आलं.

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. पाहुणे उभे राहिले. "वन्स मोअर!"

हेडसर धावत आले. "बाई, वन्स मोअर म्हणतायत."

"सर, लेखी द्या."

हेडसर परत खुर्चीत जाऊन बसले.

नंतर मी पोरांना रांगेत उभं केलं. "तेल कोणाच्या डोक्यातून आलं?"

दिनेश पुढे आला. खालच्या थरातला, वर्गाचा मॉनिटर, एरवी शहाणा. "बाई, फोटोत मसल चमकायला पायजे होते. आणि तुमीच मल्लखांबाला तेल लावता ना? आमाला वाटलं, तेलाने पकड येते. एरंडेल घरी नव्हतं, म्हणून खोबरेल घेतलं."

मल्लखांबाला आम्ही एरंडेल लावतो, कारण ते चिकट असतं. अंग सोलवटत नाही आणि पकडही राहते. खोबरेल म्हणजे निव्वळ घसरगुंडी. पण हे मी पोरांना कधी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं त्यांच्यासमोर लाकडाला तेल चोळत होते आणि ती मुकाट्याने बघत होती.

विजूला मी स्वतः घरी पोचवलं. त्याच्या आईने त्याला पुढून बघितलं, मागून बघितलं, केसांतला पेंढा काढला आणि म्हणाली, "एवढं तेल लावायला मी रोज मागं लागते, तवा लावत नाय."

तेव्हापासून मी काय करायचं ते नंतर सांगते, का करायचं ते आधी. तासाची दहा मिनिटं जातात. जाऊ देत.