परीक्षेसाठी ठेवलेले काका

हृदयाच्या झडपेचा आवाज कसा ऐकायचा, हे मला कुठल्या प्राध्यापकानं नाही शिकवलं. एका रोग्यानं शिकवलं. त्याचे पांग मी कसे फेडले, तेही सांगून टाकते. इतकी वर्षं गिळून बसले, पुरे झालं.

नव्वदच्या दशकात मी तंजावरात डॉक्टरकी शिकत होते. आमच्या वॉर्डात दाखल झालेल्या त्या रोग्याला मी काका म्हणायचे. ते ओरत्तनाडूकडच्या खेड्यातले, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. झडप आवळलेली, चार पावलं टाकली की धाप. औषधांनी उतार पडला आणि त्यांनी घरी जायचा धोशा लावला. धरणाचं पाणी सुटायला पंधरवडा राहिला होता आणि गावचा वायक्काल, म्हणजे शेतांकडे जाणारा पाट, गाळानं नि जलपर्णीनं तुंबला होता. पूर्वी सगळं गाव मिळून तो उपसायचं. मग ज्याला जमलं त्यानं बोअर मारली, घरात केबल घेतली, आणि पाट कुणाचाच राहिला नाही. काकांनी दोन वर्षं दारोदार फिरून गावच्या दोन्ही आळ्यांना पुन्हा कामाला लावलं, काठानं वाळा लावला, टोकाच्या आटलेल्या तळ्यात पाणी पोचवलं. तळ्यावर बगळे परत आले, हे ते नातवाचं कौतुक सांगावं तसं सांगायचे.

"मी नसलो तर ती माणसं एकत्र फावडं धरायची नाहीत गं पोरी," ते म्हणायचे.

पण आमची परीक्षा तोंडावर आली होती. ज्याच्या छातीत छान आवाज, तो रोगी परीक्षेआधी सोडायचा नाही, असा रिवाज. वॉर्डाच्या सरांनी केसपेपरवर 'परीक्षेसाठी ठेवा' असं लिहिलं आणि मला म्हणाले, "तुमच्या भाषेतला आहे. तूच समजाव."

समजावलं की! खाटेशी बसून, गोड मराठीत. "काका, पायांवर अजून सूज आहे, थोडे दिवस राहा." सूज कुठली आलीय, धादांत खोटं! त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आपल्या माणसानं सांगितलं, म्हणजे झालं," म्हणाले.

परीक्षेत नेमके तेच माझ्या वाट्याला आले. छातीवर स्टेथोस्कोपची नळी ठेवली आणि घाबरून मला काही म्हणजे काही ऐकू येईना. परगावचे परीक्षक दोन खाटांपलीकडे उभे. काका छताकडे बघत मराठीत पुटपुटले, "डाव्या कुशीवर वळव मला, मग येईल ऐकू." वळवलं. आली, बारीकशी घरघर आली! मी पास झाले. घरी आईनं रव्याची गोड केसरी केली, शेजारीपाजारी वाटली.

काकांना सोडलं तेव्हा पाणी येऊन आठवडा झाला होता. पाट कुणी उपसलाच नव्हता. जलपर्णीला पाणी अडलं, बांध फुटला, वरची शेतं बुडाली आणि टोकाचं तळं कोरडंच राहिलं. दोन्ही आळ्या एकमेकींच्या नावानं बोटं मोडत बसल्या, आणि काका एकटे कमरेएवढ्या चिखलात उतरले. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं, दिवाळीच्या पावसात ती त्यांना पुन्हा वॉर्डात घेऊन आली तेव्हा.

ओठ निळे पडलेले, पाय टम्म. आता मी तिथंच हाउस सर्जन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, होते. मद्रासला पाठवून झडप उघडून घेता आली असती, हे मला ठाऊक होतं. सरांनी नळी लावली आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! आता तर आणखी स्पष्ट ऐकू येतंय. पुरवणी परीक्षेपर्यंत ठेवा, मग मद्रासचं बघू." आत्ताच मद्रासला पाठवू या, असं मी म्हणायला हवं होतं. जळो ती जीभ! सरांनी सांगितलं तसं मी केसपेपरवर लिहिलं, माझ्याच हातानं.

मग काकांना म्हटलं, "सूज आहे काका. थोडे दिवस राहावं लागेल."

"या खेपेला खरी आहे ना गं?" त्यांनी विचारलं.

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. कळूनही त्यांनी मला पास केलं होतं.

पुरवणी परीक्षेआधीच ते गेले. सरांनी दुसरा रोगी शोधला.

आता मीही शिकवते. रोग्याला डाव्या कुशीवर वळवा, मग ऐकू येईल, असं दर वर्षी सांगते. मुलं वहीत लिहून घेतात. मला कुणी शिकवलं, ते अजून त्यातल्या एकालाही सांगितलेलं नाही.