त्र्याहत्तर टक्क्यांवरची ड्यूटी

माणूस रिटायर झाला म्हणजे ड्यूटीवरून उतरलाच, असं काही नसतं. जुईनगरच्या कृष्णात चौगुल्यांचंच बघा. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट. हुद्दा साधा वाटतो, पण कृष्णातरावांना विचाराल तर मालकापेक्षा वरचा. मालक उठून जेवायला जाऊ शकतो, अटेंडंट नाही! वाफेच्या काट्यावरून नजर हलवायची नाही, दर अर्ध्या तासाला लॉगबुक भरायचं, आणि पुढच्या पाळीचा माणूस येऊन 'चार्ज घेतला' अशी सही करत नाही तोवर जागा सोडायची नाही.

अशा माणसाच्या घरात पोरानं काय करून ठेवावं!

पोरगा तेजस चिंचवडला असतो. त्याला मुलगी झालेली, रविवारी बारसं. गुरुवारी कामानिमित्त इकडे आला होता, तो उभ्या उभ्या घरी डोकावला. हॉलमध्ये त्याचाच जुना कॉम्प्युटर होता. त्यावर कृष्णातराव सोसायटीच्या नोटिसा टाइप करायचे, 'जिन्यात चपला ठेवू नयेत' वगैरे. "बाबा, ही सिस्टिम जुनी झाली, नवी टाकून देतो," म्हणत त्यानं चार बटणं दाबली आणि पळाला. मागे पडदा निळा झाला, त्यावर एक चक्र फिरायला लागलं आणि खाली अक्षरं आली: काम चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

तुम्ही-आम्ही हे वाचून चहा टाकायला गेलो असतो. कृष्णातरावांनी खुर्ची ओढली.

दुपारपर्यंत आकडा सरसर चढत त्र्याहत्तर टक्क्यांवर आला आणि तिथंच ठिय्या देऊन बसला. कृष्णातरावांनी कपाटातून कोरी वही काढली, पट्टीनं रकाने आखले. '३.००. ७३. आवाज नॉर्मल. चक्र फिरते आहे.' '३.३०. ७३. अंग कोमट. चक्र फिरते आहे.' '४.००. ७३. पत्नी रागावली. चक्र फिरते आहे.'

बायको, म्हणजे नंदिनीबाई, खरं तर त्या दिवशी फारशी रागावलीच नव्हती. तिला त्यांचा इतिहास ठाऊक होता. चार वर्षांपूर्वी कंपनी बंद पडली, तेव्हा शेवटची पाळी ह्यांचीच. पाळी तीनला सुटायची. तीन वाजले, चार वाजले, चार्ज घ्यायला कोणीच येईना. येणार कोण? पुढची पाळीच नव्हती! तरी हा माणूस विझवलेल्या बॉयलरसमोर सहीचा रिकामा रकाना उघडून पाच वाजेपर्यंत बसून राहिला. शेवटी वॉचमन म्हणाला, "चौगुलेसाहेब, गेट लावायचंय," तेव्हा कुठं उठले. म्हणून गुरुवारी तिनं ताट हॉलमध्येच आणून दिलं.

शुक्रवारी मात्र तिचं डोकं फिरलं. लाइनच्या कामासाठी दिवसभर वीज जाणार होती. कृष्णातरावांनी खालच्या मजल्यावरच्या झहूरभाईंच्या टाइल्सच्या दुकानातला इन्व्हर्टर मागवला आणि घरात फक्त एका यंत्राला वीज दिली. पंखा बंद, फ्रिज बंद. बारशाला न्यायची चार लिटरची बासुंदी संध्याकाळपर्यंत नासली.

"अवो, माणसाच्या पोटापेक्षा ते डबडं मोठं झालं व्हय?" नंदिनीबाई पातेलं आपटत म्हणाल्या.

"यंत्रानं लेखी सूचना दिलीय," कृष्णातराव म्हणाले आणि वहीत लिहिलं, '५.३०. ७३. बासुंदी गेली. चक्र फिरते आहे.'

तेजसचा फोन आला. "बाबा, अडकलंय ते. सरळ बंद करून चालू करा."

"लेखी दे."

त्यानं मेसेज पाठवला. कृष्णातरावांनी चष्मा लावून वाचला. "ह्यावर सही कुठाय?"

पलीकडून तेजसनं कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज इथपर्यंत आला.

आता तुम्हाला वाटेल, ह्यांना बारशाला जायचंच नव्हतं. अहो, तसं अजिबात नाही! पहिली नात ती. चांदीचे वाळे घ्यायला दोन सोनार पालथे घातले होते त्यांनी, आणि वाळ्यांची डबी गुरुवारपर्यंत रोज उशाशी घेऊन झोपत होते. जायचं होतंच. फक्त रिलीव्हर, म्हणजे सही करून चार्ज घेणारा माणूस, पाहिजे होता. नंदिनीबाई पाच मिनिटं उभ्या राहायच्या तेव्हा हे आंघोळ उरकायचे, पण पाच मिनिटं उभं राहणं वेगळं, चार्ज घेणं वेगळं. आणि आजीला इथं बसवून आजोबांनी बारशाला जायचं, ही गोष्ट तोंडातून काढायलाही त्यांना जड जात होती.

शनिवारी झहूरभाई आपण होऊन वर आले. "जा रे तू, मी बसतो."

"बसतो म्हणजे? आधी परीक्षा द्यावी लागेल," कृष्णातराव म्हणाले. "त्र्याहत्तरचं बहात्तर झालं तर काय करणार?"

"तुला फोन करीन."

"मी बसमध्ये असणार. यंत्र इथं, निर्णय बसमध्ये?"

तेवढ्यात झहूरभाईंच्या खिशात मोबाइल वाजला आणि त्यांनी तो काढून बघितला. झालं! ड्यूटीवर मोबाइल बघणारा माणूस नापास. झहूरभाईंनी मनापासून शिव्या घातल्या, एक लाडू खाल्ला आणि निघून गेले.

रविवारी पावणेआठ वाजता नंदिनीबाई नवी साडी नेसून, पिशव्या दाराशी ठेवून हॉलमध्ये आल्या. साडेआठची बस होती. कृष्णातराव तीन दिवसांच्या दाढीनिशी पडद्यासमोर. आकडा त्र्याहत्तर.

"तू जा," ते म्हणाले आणि वाळ्यांची डबी पुढं केली. "तूच घाल तिच्या पायात."

"व्हिडिओवर तरी बघशीला?"

"ड्यूटीवर मोबाइल..." एवढं म्हणून त्यांनी डबीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. त्यांना फार वाईट वाटत होतं. स्वतःच्याच नियमात माणूस पुरता अडकला होता.

नंदिनीबाईंनी डबी घेतली नाही. "उठा," त्या म्हणाल्या. "मी चार्ज घेते."

"अगं, तुला जायचंय."

"माझं मी बघंन. घ्या परीक्षा."

"आकडा खाली आला तर?"

"एकतीस वर्षं तुमच्या पाळ्या सांभाळून कुकर लावला मी. एकदा तरी फुटला का?"

कृष्णातरावांनी वही पुढं केली. नंदिनीबाईंनी 'चार्ज घेतला'च्या रकान्यात नावानिशी सही ठोकली, खाली वेळ टाकली, सात पन्नास. कृष्णातराव उठले. त्या खुर्चीत बसल्या, पडद्याकडे बघितलं, यंत्राच्या अंगाला हात लावला. मग वाकून भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं.

"काय केलंस तू!" कृष्णातराव दोन पावलं मागं सरकून भिंतीला टेकले.

"वरडू नका. चार्ज कुणाचा हाय?"

त्यांनी चष्मा सावरला. वहीकडे पाहिलं. सही पक्की होती. "तुझा."

"मग बंद करायचं का चालू ठेवायचं, ते मी ठरवणार. लिहा, सात बावन्न, यंत्र बंद केलं. कारण, नातीचं बारसं."

कृष्णातरावांनी लिहिलं. काहीच फुटलं नाही. यंत्राची घरघर थांबल्यावर स्वयंपाकघरातला गळका नळ ऐकू यायला लागला, एवढंच.

"पण तुझा रिलीव्हर?" त्यांनी विचारलं. "तुझ्याकडून चार्ज कोण घेणार?"

"गार पडलेल्या यंत्राला कसला रिलीव्हर?"

नियम बरोबर होता. कामाच्या पहिल्या वर्षी शिकलेला, त्यांना तोंडपाठ होता. पण इतक्या वर्षांत तो त्यांना कुणी ऐकवला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि बायकोसमोर त्यांना त्याची लाजही वाटली.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझी पाळी सुटली?"

"सुटली," नंदिनीबाई म्हणाल्या. "दाढी तिथं गेल्यावर करा. चपला घाला आधी."