उलटे लावलेले कोंब

इन्साफच्या आईकडे घरच्या जुन्या मसुरीचे मूठभर दाणे तेवढे उरले होते. इस्ना शहराजवळच्या त्यांच्या गावात जिकडेतिकडे ऊस झाला आणि ही मसूर मडक्याच्या तळाशी जाऊन बसली. गीझाच्या प्रयोगशाळेत कडधान्यांवर काम करणाऱ्या लेकीने ते दाणे बाटलीत रोपं वाढवायला मागितले, तेव्हा आई, तिची यम्मा, म्हणाली, “मातीवाचून रोप? बाटलीत काय लोणचं घालणारेस माझ्या मसुरीचं?”

दाणे म्हातारे झाले होते. दोनच रुजले. इन्साफने त्या रोपांचे तुकडे बाटल्यांतल्या जेलीत लावले, कोंब फुटवणारं संप्रेरक दिलं, आणि कोंबांची नुसती दाटी झाली. पण मूळ म्हणून एकाला येईना. मुळं फुटवणारं संप्रेरक घातलं, तर बुडाशी पांढरट गाठ धरायची. कमी घातलं, तर कोंब पिवळे पडायचे.

“तोंड का पाडलंस?” तिचे वरिष्ठ, डॉक्टर शनूदा म्हणाले. “मसूरच ती. माझ्या सासूपेक्षा हट्टी.”

“सासूबाई दिलेलं निदान खातात तरी, डॉक्टर!”

ते हसले. मग म्हणाले, “उलटे लावून बघू या. मुळांचं संप्रेरक, कोंब कसाही धरला तरी, बुडाकडेच जातं. पण बूड त्या जेलीत गुदमरत असेल. त्याला हवेत राहू दे.”

डोकं खाली, पाय वर. इन्साफचा हात धजेना, तरी तिने लावले. एका सकाळी हवेतल्या बुडातून केसाएवढं पांढरं मूळ निघून खाली वळलेलं दिसलं. बाटली मांडीवर घेऊन ती रडत बसली. शनूदा आले, त्यांनी पाहिलं आणि चहाचा पेला तिच्याशेजारी ठेवला.

कुंडीत गेल्यावर बरीच रोपं माना टाकून गेली. एक तगलं. त्याला फुलं आली, शेंगा धरल्या.

पेरणीच्या दिवसांत इन्साफ त्या शेंगा घेऊन गावी आली. यम्माला आता दिसत नव्हतं. तिने शेंग चाचपून फोडली, दाणा क्षणभर जिभेवर धरला.

“आपलीच गं,” ती म्हणाली.

“मी पेरते, तू बस.”

“तू तिकडची शहाणी. इथे मागे सर.”

यम्मा भिंतीकडेच्या ओल्या मातीत बोटाने खळी करत पुढे सरकत राहिली, आणि इन्साफ तिचा कोपर धरून मागे.