देवमाशाचं दूध

मी समुद्री जीवांवर संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी समुद्रापासून दूर, घाटावर नेसरीजवळच्या एका गावात, दूध संस्थेच्या हॉलमध्ये, देवमाशांविषयी बोलायला गेले होते. समोर म्हशी पाळणाऱ्या बायका बसल्या होत्या. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून किती देवमासे मरतात, याचे आलेख मी पडद्यावर दाखवत होते आणि त्या आपसात कुजबुजत होत्या.

"देवमासा हा मासा नव्हे. मादी पिल्लाला दूध पाजते," असं मी ओघात म्हणाले, तशा पुढच्या रांगेतल्या एक मावशी उभ्याच राहिल्या.

"पाण्यात पाजती? मग दूध पाण्यात मिसळत न्हाय व्हय?"

"नाही. ती पिल्लाच्या तोंडात दुधाची धार सोडते, आणि ते दह्याहून घट्ट असतं."

मावशी मागे वळल्या आणि बाकीच्यांना सांगू लागल्या, "ऐकलं का गं? आपली म्हस गोठ्यात पान्हा सोडती, तशी ती एवढ्या समुद्रात सोडती. आन् जाळ्यात घावली, तर पिल्लू उपाशीच की!"

जे सांगायला मी तासभर धडपडत होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. इतकी वर्षं अभ्यास करूनही, त्या अथांग पाण्यात लेकराला पाजणारी आई मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

मी आलेख बंद करून मादी आणि पिल्लाचा फोटो लावला. धारा काढायची वेळ झाली होती, तरी कुणीच उठेना. मावशींनी पडद्यापुढे जाऊन हात जोडले.